एकतीस बटणांच्या रांगा

आत्या : समज, ही बटणं म्हणजे तुमचा वर्ग. आधी डोळे पूस, मग समज. एकतीस आहेत ना?

टिल्ली : दोनदा मोजली. पण आत्या, ही शिवायला आलेल्या शर्टांची आहेत. गिऱ्हाईक ओरडेल.

आत्या : ओरडू दे, मला सवय आहे. लाव बघू यांच्या सारख्या रांगा.

टिल्ली : दोन-दोनच्या... एक उरलं. तीन-तीनच्या... एक उरलं. पाच-पाचच्या... पुन्हा एक! बघ, मीच उरते. मी शाळेत येण्याआधी तीस जण होते. कवायतीला सहा-सहांच्या पाच रांगा छान व्हायच्या. आता बाई म्हणतात, नवी मुलगी बाजूला बसू दे. आणि पोरं मला 'बाकी' म्हणतात.

आत्या : जीभ बघा एकेकाची! बरं, चार राहिले की.

टिल्ली : दोनाने भाग जात नाही, तर चाराने कसा जाईल?

आत्या : अगो, शहाणी ती! मग सहा, सात, आठ... बसू या संध्याकाळपर्यंत.

टिल्ली : थांब, थांब! सहा सक छत्तीस. ते तर एकतीसच्या पुढे गेलं. म्हणजे एका रांगेत सहा किंवा जास्त ठेवली, तर रांगा पाच किंवा कमीच होणार. त्या आडव्याच्या उभ्या मोजल्या, तर पुन्हा पाच किंवा कमीच्याच रांगा, आणि पाचापर्यंत आपलं करून झालंय!

आत्या : म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून एकतीसला कुणीच भागत नाही. अशा हट्टी संख्येला मूळ संख्या म्हणतात.

टिल्ली : माझ्यामुळे झाली ती हट्टी.

आत्या : असं? (बटणं दोन्ही हातांनी ढवळते.) दाखव यातलं तुझं बटण.

टिल्ली : माझं... सगळी सारखीच आहेत गं.

आत्या : मग काढ कुठलंही एक.

टिल्ली : काढलं. तीस उरली, रांगा जमल्या. हे ठेवून ते काढलं... तरी जमल्या. हे काढलं, तरीही! आत्या, उरायला कुणीही चालतं!

आत्या : मला काय सांगतेस? तुमच्या बाईंना सांग.

टिल्ली : बाईंना? माझी पाचावर धारण बसेल!

आत्या : पाचाने एकतीसचं काही बिघडलं नाही, तुझं काय बिघडणार?

(दुसऱ्या दिवशी, शाळेच्या मैदानावर.)

टिल्ली : बाई, सगळ्यांना एकदा धावून एकमेकांत मिसळू द्या. मग सांगा, जास्तीचं कोण?

बाई : हे काय नवीन खूळ? बरं, मिसळा रे!... अरे, अरे, ढकलू नका!... हं. कोणाकडे बोट दाखवू गं मी?

टिल्ली : एकाला पुढे उभं करा ना, बाई. मागे तीस.

बाई : पुढच्याला खणखणीत आवाजात हुकूम द्यावे लागतील. देशील?

टिल्ली : नको, बाई. त्या आमच्या वर्गातल्या भोंग्याला, मोठ्या आवाजाच्या पोराला, द्या ते काम. मला रांगेत यायचंय.

बाई : ये मग.

टिल्ली : कुठल्या रांगेत?

बाई : आवडेल त्या. अजून कुणाचीच जागा ठरलेली नाही.