शेवटची माफी कुणाची?

आमच्या नगरच्या ऑफिसात मी लिनक्सवर मेल सर्व्हर बसवला, तेव्हाची गंमत. स्टोअरचे शेखभाई आणि परचेसचे गायकवाड साहेब एका टेबलफॅनवरून भांडलेले, चार वर्षं बोलणं बंद. मी हौसेनं एक सोय केली होती. माणूस रजेवर असला की आलेल्या प्रत्येक मेलला मशीनच उत्तर देणार, 'रजेवर आहे, माफ करा.'

नेमके दोघं एकाच वेळी रजेवर. जाता जाता शेखभाईंनी गायकवाडांना तक्रारीचा मेल टाकला. झालं! मशीननं गायकवाडांच्या नावानं माफी मागितली, त्या माफीला शेखभाईंच्या नावानं माफी गेली, आणि डिस्क भरेपर्यंत दोघं एकमेकांची माफीच मागत राहिले.

परत आल्यावर शेखभाईंनी हळूच विचारलं, "शेवटची माफी कुनाची हाय?"

"गायकवाड साहेबांची."

"मग फॅन त्यांनाच राहू द्या."

दुपारी गायकवाडांनीही तेच विचारलं. म्हटलं, "शेखभाईंची."

संध्याकाळी तो फॅन परचेसमधून स्टोअरात, स्टोअरातून परचेसमध्ये फिरत होता. "तुमी ठेवा." "छे, तुम्हीच ठेवा."

मशीनची माफी मी केव्हाच बंद केली होती; हे मात्र मला बंद करता आलं नाही.