कॅमेलियाची भट्टी विझवणारे बॉयलरमामा

आदरणीय अध्यक्षमहोदय, अर्थात या उद्यानाचे माजी अधीक्षकसाहेब. व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे. पहिल्या रांगेत संकोचून बसलेल्या बॉयलरमामांच्या पत्नी, आपल्या सर्वांच्या वहिनी. त्यांच्या दोन्ही लेकी आणि जावई. आणि झाडांवर जीव असणाऱ्या समस्त मंडळींना माझा नमस्कार.

मी इथली ग्रंथपाल. माझा जन्म इतरांना "हळू बोला" सांगण्यात गेला. पण आज मामांच्या निवृत्तीच्या निरोपाला मीच गप्प बसले, तर कपाटातली पुस्तकं मला माफ करणार नाहीत.

नवी मुलं विचारतात, कॅमेलियाच्या या माळीबुवांना सगळे बॉयलरमामा का म्हणतात? उद्यानात बॉयलर आहे कुठे? त्याचीच गोष्ट सांगते. अध्यक्षमहोदय, तुमचाही उल्लेख येणार आहे, आधीच माफी मागते.

सव्वीस वर्षांपूर्वी मामा माळी नव्हते. काचघरामागच्या खोलीत कोळशाचा बॉयलर होता आणि हिवाळाभर तो पेटता ठेवणं हे मामांचं काम. नळांतून गरम पाणी फिरायचं आणि आत चाळीस कॅमेलिया उबेत बसायच्या. उबेत बसायच्या आणि कळ्या गाळायच्या! रोज सकाळी फरशीवर कळ्यांचा सडा. तो झाडायचं काम मामांचं नव्हतं, पण त्यांना बघवायचं नाही.

एका दुपारी ते ग्रंथालयाच्या दारात येऊन उभे राहिले. हात घासून घासून धुतलेले, तरी काळेच. म्हणाले, "बाई, ही झाडं मूळची कुठली?"

मी जुनं पुस्तक काढून वाचून दाखवलं. कॅमेलिया म्हणजे चहाची बहीण, पूर्वेकडच्या डोंगरांतली. जहाजांतून दूरदेशी गेली आणि श्रीमंतांना तिचं वेड लागलं. एवढी दुरून आलेली पाहुणी, नाजूकच असणार, असं धरून त्यांनी तिला तापलेल्या काचघरांत कोंडलं. बरीच झाडं त्या पाहुणचारानेच मेली. तिच्या मूळच्या डोंगरांवर तर बर्फ पडतं.

मामांनी आपल्या काळ्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे मी त्यांना कशासाठी शेकतोय?"

मंडळी, प्रश्न सोपा वाटतो. पण उत्तर दिलं तर स्वतःची नोकरी जाणार, घरात दोन शाळकरी मुली, अशा माणसाने काय करावं? चार दिवस त्यांना जेवण गेलं नाही. शेवटी वहिनींनी खोदून विचारलं आणि ऐकून म्हणाल्या, "सांगून टाका. झाडं मेल्यावर भट्टी कुणासाठी पेटवणार आहात?"

मामा तेव्हाच्या अधीक्षकसाहेबांकडे, म्हणजे आपल्या अध्यक्षमहोदयांकडे गेले. साहेब म्हणाले, "अहो, भट्टी बंद झाली तर तुमचं काय होईल, कळतंय का?"

"कळतंय साहेब. पण कळ्या माझ्या हातानं गळतायत, हेही कळतंय."

तीन झाडं बाहेर भिंतीच्या आडोशाला लावायची परवानगी मिळाली. पुढच्याच महिन्यात दहिवर गोठलं. सकाळी मामा वहिनींची शाल घेऊन धावत आले आणि झाडापाशी थबकले. पानं पांढरी, पण ताठ. शाल त्यांनी स्वतःच पांघरली आणि ऊन येईपर्यंत तिथेच बसून राहिले. हिवाळा सरता सरता ती तिन्ही झाडं अशी फुलली, की काचघरातल्या सदतीस जणींनी मान खाली घालावी!

पुढच्या वर्षी बॉयलर विझला आणि मामांचं पद रद्द झालं. साहेबांनी वर तीनदा पत्रं लिहिली, मला ठाऊक आहे, ती मीच टंकली. पण कागद सावकाश चालतो. सहा महिने मामा एका धुलाई कारखान्याच्या बॉयलरवर राबले. रविवारी यायचे, फाटकावर तिकीट काढून. फाटकवाला म्हणायचा, "मामा, तुम्हाला कसलं तिकीट?" तर म्हणायचे, "आता मी पाहुणा आहे बाबा." मग साहेबांच्या पत्राला यश आलं आणि पस्तिशी उलटल्यावर मामा सर्वांत खालच्या जागेवर, शिकाऊ माळी म्हणून, परत आले. कलम बांधायला त्यांना निम्म्या वयाच्या पोरीने शिकवलं. आज ती व्यासपीठावर बसली आहे, आपली सध्याची अधीक्षक.

काचघराबाहेरच्या वाटेवरची साठ झाडं मामांच्या हातची. त्यांतलं एक बी पेरून वाढवलेलं, नऊ वर्षांनी यंदा पहिल्यांदा फुललं. फिकट गुलाबी, कडेला पांढरं. आम्ही सगळे मागे लागलो, नाव ठेवा! वहिनींचं ठेवा! मामा म्हणाले, "एका बहरावर नाव ठेवू नये, पुढे लोक नावं ठेवतात. अजून तीन हिवाळे बघू."

तेव्हा निरोप कसला घेऊन बसलात? अधीक्षकबाईंनी त्यांना काल फाटकाची किल्लीच दिली आहे. मामांनी ती वहिनींकडे सांभाळायला दिली, आणि वहिनी म्हणाल्या, "आता मीही येणार. सव्वीस वर्षं नुसतं ऐकतेय."

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, उपकार मानते. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाचं गुपित फुटलं असेल, तर ते पदरात घ्या. मामा, वहिनी, उद्या सकाळी आठला फाटक उघडा. मी चहा घेऊन येते.