मातीच्या पारूबाईचं तोंड

मी कोगनोळीची, कुंभाराची लेक. लगीन होऊन शहापुरात आले तवा बारा-तेराची असंन. माहेरी नुसती गाडगी-मडकी, आणि हितं बघते तर फळीवर वीतवीतभर मातीची माणसं. ताक घुसळणारी बाई, मागावर बसलेला विणकर, त्याच्या पोटरीच्या शिरासुदीक दिसायच्या. काय सांगू तुमास्नी, पयल्या दिशी मी त्यांच्याम्होरं पदर सावरला. सगळी मामंजींच्या हातची, म्हंजे माझ्या सासऱ्यांच्या. मी माती मळायची, त्या मातीच्या बायांची लुगडी रंगवायची. त्यांच्या तोंडाला मातूर बाईनं हात लावायचा न्हाय, असं भावकीत म्हनायचे. मीबी कधी इचारलं न्हाय.

पुढं मामंजींना मोतीबिंदू झाला, दिसंना. त्याच साली पलेगात वडगावच्या एका विणकराची बायकू गेली, पारूबाई, दोन दिसात गेली बघा. विणकर आला, म्हनाला, फोटू न्हाय, काय न्हाय, पोरगी चार वर्साची, तिच्या ध्यानात आई ऱ्हाणार न्हाय, तेवढी मातीची करून द्या. मामंजींनी तिला बघितलंच नव्हतं. मी बघितलेली. मी बाजारात मडकी इकायला बसायची, तितं दरसाल मडकं घ्यायला यायची, टिचकी मारून कान लावायची आणि हसायची.

आंग मामंजींनी चाचपून घडवलं. मग भावकी बसलेली, त्यात मामंजींनी कुंचली माझ्या हातात दिली. चुलतसासरे मामंजींना म्हनाले, आप्पा, हे बरं न्हवं. मामंजी म्हनाले, ‘माझं डोळं गेलं. हिचं हायत.’

तीनदा काढलं, तीनदा पुसलं. हसली की तिचा डावा डोळा बारीक व्हायचा, ते काढू का नको? मेलेल्या माणसाचं व्यंग दाखवलं असं व्हायचं. मामंजींना इचारलं. म्हनाले, जशी होती तशी काढ गं.

विणकर पोरीला घिऊन आला. फडकं काढलं आणि तो खालीच बसला. मी म्हनलं, चुकलंच. तवर पोरगी म्होरं झाली, त्या बारीक डोळ्यावर बोट ठेवलं आणि म्हनाली, ‘आये, घरला चल.’

मग तो रडला वो. बायकू गेली तवा रडला नव्हता म्हनं.

त्या दिसापासनं मला कुनी आडवलं न्हाय. मामंजी सा वर्सं जगले, मी घडवलेल्या तोंडावरनं आंगठा फिरवून सांगायचे, नाक जाड झालं बाई. आता माझंबी डोळं अधू झाल्यात. दोघी सुना काढत्यात, माझ्यापरास बरं काढत्यात. मला काय कमी न्हाय. सासऱ्याच्या रूपानं देव भेटला, आणि काय पायजे? तुमच्याबी लेकीबाळींना असंच मानूस भेटू दे.