दुधाचं पातेलं

(न्यूयॉर्क, लडलो स्ट्रीटवरची एक चाळ, १९११. शुक्रवार दुपार, दिवस मावळला की ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा वार, मग चूल पेटवायची नाही. तळमजल्यावर रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, टेबलावर झाकलेलं पातेलं, समोर दोन शेजारणी. ज्यू घरांत दूध आणि मांस एकत्र होऊ देत नाहीत, दोन्हींची भांडीही वेगळी.)

रब्बी : शेजाऱ्याच्या तोंडावर दार लावून घ्यायचं नाही, हे या चाळीचं भूषण आहे.

फ्रूमे : गाऱ्हाणं तेच आहे, रब्बी. दार उघडं होतं म्हणून ही आत शिरली.

गेनेंडल : शिरले म्हणे. चोरी करायला गेले होते का? कोंबडीचं सूप द्यायला गेले, तेही माझ्या पोरांच्या वाटणीचं.

फ्रूमे : आणि ओतलं कशात? माझ्या दुधाच्या पातेल्यात. वर चुलीवर ठेवून उकळलंही. दुधाच्या भांड्यात मांस! परकरातली पोरसुद्धा असं करत नाही.

गेनेंडल : त्याला निळा काठ आहे. आमच्याकडे निळ्या काठाचं भांडं मांसाचं.

फ्रूमे : तुमच्याकडे. माझं घर तुमच्याकडे कधीपासून झालं?

रब्बी : गेनेंडल, तू स्वतःच्याच भांड्यातून का नाही दिलंस?

गेनेंडल : दिलं होतं, परवा. हिनं भरलेलं भांडं माझ्या दाराशी आणून ठेवलं. म्हणाली, तुमचं काहीतरी आमच्याकडे राहिलं होतं. म्हणून आज हिच्याच भांड्यात ओतलं. म्हटलं, आता कर परत.

फ्रूमे : मी मागायला आले होते का?

गेनेंडल : तू कशाला येशील? नवरा सहा आठवडे घरी बसलाय आणि तू जिन्यात सांगत फिरतेस, त्याची पाठ धरलीय. शिलाईचा कारखाना बंद पडलाय, हे चौथ्या मजल्यापर्यंत ठाऊक आहे.

फ्रूमे : आता तळमजल्यालाही कळलं. समाधान झालं? पोरांनी वास घेतलाय, रब्बी. हे मोरीत ओतताना त्यांना काय सांगू? शेजारणीनं मायेनं नासवलं म्हणून?

रब्बी : ओतायची घाई नको. नियम असा आहे. या पातेल्यात दूध तापवून पुरता एक दिवस उलटला नसेल, तर सूप गेलं. उलटला असेल, तर सूप खुशाल खा. पातेलं तेवढं नंतर शुद्ध करून घ्यायचं. दूध शेवटचं कधी तापवलंस?

गेनेंडल : सांग ना. चार लेकरांचं घर, सकाळीच तापवलं असेल.

रब्बी : फ्रूमे?

फ्रूमे : मंगळवारी तीन आठवडे झाले.