ओलं फडकं

आकाराम : बसा की खाली, आण्णा. हुबं राहून काय गाडी लवकर बंद पडनार हाय व्हय?

आण्णा : पाऊण तास झाला रं आकाराम. चालूच हाय. भर रस्त्यात मान टाकायची, आन् मिस्त्रीसमोर शहान्यागत वागायचं.

पूर्णिमा : आधीच्या दोन गॅरेजांत पण असंच झालं. कॉम्प्युटर लावला, काही दोष नाही म्हणाले आणि धुऊन परत दिली.

आकाराम : धुऊन दिली! वैनी, चालू गाडीला कॉम्प्युटर लावून काय घंटा कळनार? ताप उतरल्यावर डॉक्टरकडं गेल्यासारखं हाय ते. म्हनून तर चालू ठिवून बसलोय. चहा सांगू?

पूर्णिमा : नको, तीन कप झाले. मला तीन वाजता ऑफिसात पोचायचंय. अर्ध्या दिवसाचीच रजा आहे.

आण्णा : ही सून सोडली, तर घरात कुनी माझ्यावर इस्वास ठेवंना बग. ल्योक धैर्यशील म्हनतो, "आण्णा, गाडी न्हाई बंद पडत, तुमचा पाय चुकतोय." मला! तीस वर्सं यष्टी चालवली. गारगोटी, राधानगरी, गगनबावड्याचा घाट. कोंबडं मारलं न्हाई कधी.

आकाराम : मारलं असंल की एखादं. सांगत न्हाईसा तुमी.

आण्णा : हसू नगंस. महिना झाला, धैर्यशीलनं चावी काढून घेतली. नातीला शाळेत सोडायचं, दिवसात तेवढं एकच काम हुतं मला. आता अनुजा रिक्षानं जात्या, आन् मी गॅलरीत हुबा ऱ्हातो. लई वाईट वाटतंय.

पूर्णिमा : आण्णा, पाणी घ्या थोडं.

आण्णा : पानी नगं. गाडी बंद पडू दे.

आकाराम : पडली.

आण्णा : आँ?

आकाराम : पडली की! आवाज गेला बगा. वैनी, आत बसा आन् स्टार्टर मारा. आरपीएमचा काटा हलतोय का बगा.

पूर्णिमा : इंजिन फिरतंय, पण काटा जागचा हलत नाही.

आकाराम : घावला चोर! तितंच बसून ऱ्हावा. आता हे ओलं फडकं गार पान्यातनं पिळून घेतो, आन् धरतो ह्याच्यावर. हितं खाली, ह्यो काळा सेन्सर दिसतोय न्हवं?

आण्णा : म्हंजे तापाची पट्टीच ठेवतोस की.

आकाराम : तसंच समजा. क्रँक सेन्सर म्हन्त्यात ह्याला. इंजन फिरतंय, एवढंच कॉम्प्युटरला सांगायचं, ह्येचं काम. जुना झाला की तापल्यावर गप बसतो. ह्यो गप बसला की पेट्रोल बंद, ठिनगी बंद. गार झाला की परत बोलतो. म्हनून गॅरेजला येईस्तवर गाडी चांगली. हं, मारा आता वैनी.

पूर्णिमा : झाली! चालू झाली!

आण्णा : बगितलंस? बगितलंस का? मी काय म्हनत हुतो महिनाभर? फोन लाव धैर्यशीलला. आत्ताच्या आत्ता. स्पीकरवर टाक, माझ्या कानानं ऐकू दे मला, काय म्हनतोय ते.

पूर्णिमा : नवीन सेन्सर बसू दे आधी. मग लावू.

आकाराम : दहा मिन्टांचं काम हाय. एक बोल्ट आन् एक सॉकेट... आयला, ह्यो सॉकेट बगा. गंजून हिरवागार झालाय आतनं. खंडेनवमीला इंजनात पंपानं पानी मारलं असनार कुनीतरी. हळद-कुकू अजून हाय की वर.

आण्णा : मीच मारलं. डेपोत आमी आतबाहेर धुऊनच पूजा करायचो. वरनं आंघोळ आन् आत तसंच, असली कसली खंडेनवमी?

आकाराम : यष्टीला चालतंय ते. हिच्या पोटात सगळ्या वायरी हाईत. म्होरल्या वर्साला नारळ फोडा, फुलं व्हावा, पंप नगं. बरं, कितींदा बंद पडली? सगळं सांगा. बसवून झालं की चक्कर मारनार हाय, काय बगायचं ते कळंल मला.

आण्णा : तीनदा. पयल्यांदा नृसिंहवाडीस्नं येताना. मग कागलला लग्नाला गेलतो तवा. आन् तिसऱ्यांदा अनुजाच्या शाळेपुढं. तितनंच सगळं वाढलं. मागनं टेम्पो आला, थोडक्यात वाचलो. पोर हुती आत.

आकाराम : शाळा कुटं हाय?

पूर्णिमा : मंगळवार पेठेतच. घरापासून पाच मिनिटं.

आकाराम : सकाळची येळ? म्हंजे रातभर गार झालेली गाडी?

पूर्णिमा : हो.

आकाराम : आन् परत चालू व्हायला किती येळ लागला?

आण्णा : लगीच झाली.

आकाराम : मग ते ह्येचं न्हवं.

आण्णा : ह्येचंच.

आकाराम : आण्णा, तापल्याबिगार ह्यो दगा देत न्हाई. आत्ता बगितलंसा की, पाऊण तास बसलो. पाच मिन्टांत गार गाडी कशी... असंल बी म्हना. सॉकेटात पानी गेलतं, त्यानं बी झालं असंल. मी काय देव न्हवं. झालं बगा बसवून. जरा तावडे हॉटेलपतुर चक्कर मारून येतो. बसा तुमी.

(आकाराम गाडी घेऊन जातो.)

पूर्णिमा : लावू का फोन?

आण्णा : थांब जरा.

पूर्णिमा : सॉकेटात पाणी होतं म्हणाले की ते. तसंच सांगू ह्यांना.

आण्णा : पानी न्हवतं, पूर्णिमा. शाळेपुढं गाडी बंद पडली न्हाई. मी पाडली.

पूर्णिमा : राहू दे आण्णा, नंतर बोलू.

आण्णा : न्हाई, ऐक. पोरं रस्ता वलांडत हुती. बिरेक दाबला, आन् क्लच दाबायचा असतो, त्येच आठवंना. गचका बसला आन् बंद. सगळं दिसत हुतं मला. पोरं, दप्तरं, गेटवरचा वॉचमन. पन आपन हितं कशाला आलोय, ते डोक्यातनं पार गेलं. टेम्पोवाला शिव्या द्यायला लागला, तवा भानावर आलो.

पूर्णिमा : किती वेळ झालं असं?

आण्णा : मिन्टभर असंल. दोन असतील. भ्या वाटलं गं. घाटात कधी भ्यालो न्हाई मी. घरी आल्यावर म्हनलं, गाडीच बिघडली. दोनदा बिघडलीच हुती, तिसऱ्यांदा बी खपून जाईल. आन् सांगून सांगून मला बी खरंच वाटाय लागलं. आज ते फडकं ठिवल्यावर गाडी चालू झाली तवा वाटलं, सुटलो बाबा.

पूर्णिमा : मला माहीत होतं, आण्णा.

आण्णा : काय?

पूर्णिमा : अनुजानं त्याच दिवशी संध्याकाळी सांगितलं. "आजोबांनी मला विचारलं, बाळ, आपण कुठं निघालोय? मग मी बोट करून शाळा दाखवली," म्हणाली.

आण्णा : बोट करून दाखवली व्हय... मला त्ये बी आठवत न्हाई बग. धैर्यशीलला सांगितलंस?

पूर्णिमा : नाही. तिलाही म्हटलं, कुणाला बोलू नकोस. सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय. आपण दोघंच जाऊ.

आण्णा : मग सगळं ठाऊक असताना तीन-तीन गॅरेजं कशाला हिंडवलीस मला? रजा टाकून?

पूर्णिमा : गाडीचाच दोष निघावा, असं वाटत होतं हो.