फिल्टरवरची रेष

(बाजवा या गुजराती गावातलं एका मराठी कुटुंबाचं बैठं घर. मागच्या अंगणात जॅकवर उचललेला पांढरा पिकअप. अंगणाकडे उघडणारी स्वयंपाकघराची खिडकी. नलिनी बोलते ती तिथूनच.)

जनार्दन : गाडीखालून बाहेर ये आधी. काय कुस्ती मांडलीयेस त्या फिल्टरशी? हात सटकून आपटल्याचा आवाज मला पुढच्या खोलीत येतोय.

पीयूष : काही नाही बाबा. तुम्ही पडा ने जरा. होईल माझं.

जनार्दन : माझी झोप तर तूच मोडलीस. बोटं बघू. अरे, सालटं निघालंय की!

पीयूष : लागतं एवढंतेवढं. फिल्टर जाम झालाय, बस.

जनार्दन : जाम कसा होईल? परवा परवा तर लखाभाईच्या गॅरेजात नवा घातला म्हणालास ने?

पीयूष : हा ने, घातला. त्याच्या कारागिरानं पान्यानं आवळला असणार. ऑइल गळतंय थोडं.

जनार्दन : पान्यानं? गाढव लेकाचे! फिल्टर हातानं बसवायचा असतो. रबर टेकलं की अजून थोडा फिरवायचा आणि गप्प बसायचं. उभा जन्म रेल्वेच्या कारखान्यात फिटर म्हणून गेला माझा, एक फिल्टर असा जाम झाला नाही कधी. पण गळतंय कुठे? खाली तर डाग नाही.

पीयूष : पुसलं मी.

जनार्दन : आणि हे खोकं? आणखी एक नवा आणलास?

पीयूष : काढतोच आहे तर बदलून टाकतो.

जनार्दन : मग लखाभाईकडेच ने. त्यानं घाण केली, त्यानंच निस्तरावी.

पीयूष : तो म्हणतो, सध्या गाडी माझ्या दारात आणू नको.

जनार्दन : का बरं?

पीयूष : कामं खूप आहेत त्याला. बाबा, सोडा ने तुम्ही. पोलीस जमादार येईल एवढ्यात गाडी बघायला, त्याच्याआधी मला हे उरकायचंय.

जनार्दन : येऊ दे की. बाजव्यातले सगळे पांढरे पिकअप तपासतायत ते, तुझा एकट्याचा नाही. माझ्या दोस्ताला, लक्ष्मीकांतला उडवून पळालेला सापडायलाच हवा. मी सांगून ठेवलंय जमादाराला, त्या संध्याकाळी आमची गाडी गॅरेजात उभी होती, ऑइल आणि फिल्टर बदलायला. तो म्हणाला, काका, तुम्ही सांगताय म्हणजे बराबरच असणार, मेकॅनिक घेऊन एक नजर टाकून जातो.

पीयूष : तेच तर. मेकॅनिक बरोबर असेल.

जनार्दन : असू दे. त्याचं काय?

पीयूष : काही नाही. गाडी गळकी दिसायला नको.

नलिनी : अहो, डबा भरायला घेऊ का? दवाखान्यात जाणार ने तुम्ही? लक्ष्मीकांतभाऊजींच्या मितालीला म्हणावं, बापाच्या उशाशी बसून बसून तू आजारी पडशील, दोन घास खा.

जनार्दन : भर. एवढं हातावेगळं केलं की निघतो. सरक रे पीयूष, मी जातो खाली.

पीयूष : नको बाबा. तुमची पाठ...

जनार्दन : माझी पाठ मला माहीत आहे. विटा लावल्यास ने गाडीखाली?

पीयूष : जॅक मजबूत आहे.

जनार्दन : नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये, किती वेळा सांगितलंय तुला? बरं, तू उभा राहा तिथं, लक्ष ठेव. आता तो जाड पॉलिश पेपर दे. फिल्टरला गुंडाळला की हात घसरत नाही.

पीयूष : हा घ्या. पण बाबा, कशाला एवढा खटाटोप? तो स्क्रूड्रायव्हर, डिसमिस, आरपार ठोका ने त्याच्यात, आणि दांड्यासारखा धरून फिरवा. तसाही फेकायचाच आहे.

जनार्दन : ते शेवटी, काहीच चाललं नाही तर. पत्रा फाटला की सगळं ऑइल तोंडावर. थांब जरा. कमाल आहे. हे रबर तर भाजून लोखंडाला चिकटलंय. परवाचा फिल्टर असा नाही होत.

पीयूष : इंजिन तापतं बाबा. फेऱ्या कमी आहेत का?

जनार्दन : मोबाइलचा उजेड पाड इकडे. वर नको, इथं, फिल्टरच्या बुडाशी.

पीयूष : डिसमिस देऊ का?

जनार्दन : पीयूष, हा लखाभाईनं बसवलेला नाही.

पीयूष : म्हणजे?

जनार्दन : ह्याच्यावर माझी रेष आहे. खंडेनवमीला मीच बसवला हा. हळदकुंकू वाहायच्या आधी पांढऱ्या रंगाची रेष ओढली होती, अर्धी फिल्टरवर, अर्धी इंजिनावर. फिल्टर जरा जरी फिरला तरी रेषेचे दोन तुकडे सरकतात. ही सरकलेली नाही. मेणचटलीय, पण सरळ आहे.

पीयूष : मग बदललाच नसेल त्यानं. फसवलं यार लखाभाईनं. नुसतं बिल दिलं हातात.

जनार्दन : असं असेल तर फार बरं होईल रे. पण मग आवळला कोणी? गळत कुठून होता?

पीयूष : मला वाटलं तसं.

जनार्दन : आणि पुढचा लोखंडी गार्ड? तो का काढून भंगारात घातलास?

पीयूष : सांगितलं ने, आरटीओवाले दंड करतात म्हणून.

जनार्दन : इतकी वर्षं नाही केला तो? पीयूष, गाडी गॅरेजला गेलीच नव्हती.

पीयूष : हळू बोला. आई आहे आत.

जनार्दन : गेली होती का?

पीयूष : नाही.

जनार्दन : अरे देवा.

पीयूष : क्षणभर फोनमध्ये बघितलं हो मी. क्षणभरच. वर मान केली तर समोर सायकल. खरंच सांगतो, मला दिसलेच नाहीत ते.

जनार्दन : खाली उतरलास?

पीयूष : उतरलो.

जनार्दन : मग ओळखलं असशील.

पीयूष : दुधाची पिशवी फुटली होती. मी वाकलो तर काकांनी नाव घेतलं माझं. “पीयूष” म्हणाले.

जनार्दन : आणि तू त्याला टाकून आलास! ज्याच्या खांद्यावर बसून तू गरबा बघितलास! अरे, रस्त्यातलं कुत्रं तरी कोणी बाजूला करून जातं!

पीयूष : घाबरलो मी!

जनार्दन : रोज विचारायचास मला, काका काही बोलले का, शुद्धीवर आले का. मला वाटायचं, पोराला माया आहे. मितालीला सांगायचो मी, पीयूषचा जीव राहत नाही. माझ्यासारखा मूर्ख मीच.

नलिनी : अहो! अहो ऐकलं का? मितालीचा फोन होता. गेले हो लक्ष्मीकांतभाऊजी. आत्ताच गेले. पोर नुसती हुंदके देत होती.

जनार्दन : ऐकलं.

नलिनी : ज्यानं हे केलं ने, त्याचं कधी भलं होणार नाही, सांगून ठेवते. त्याच्या आईला कळू दे, कसलं पोर जन्माला घातलं ते! पीयूष, वडिलांना बाहेर काढ आणि त्यांना घेऊन जा तू तिकडे. मी देवापाशी दिवा लावते.

पीयूष : हो आई.

जनार्दन : पीयूष.

पीयूष : हं.

जनार्दन : इथून तुझे पाय दिसतायत मला. जॅकच्या दांडीपाशी का आलास?

पीयूष : टेकलोय.

जनार्दन : टेकायचं तर भिंतीला टेक.

पीयूष : काका गेले, बाबा. लखाभाई तोंड उघडणार नाही, खोटं बिल त्यानंच बनवलंय. आता फक्त तुम्हाला माहीत आहे.

जनार्दन : हो, फक्त मला. आणि मी गाडीखाली आहे, विटा लावलेल्या नाहीत. कळतंय मला सगळं.

पीयूष : काय बोलताय? तसला वाटतो मी तुम्हाला?

जनार्दन : काल विचारलं असतंस तर हसलो असतो. आज मला माहीत नाही. बापाला पोटच्या पोराची भीती वाटावी, याच्याइतकं वाईट काही नाही रे.

पीयूष : तुम्ही बाहेर या ने. डिसमिस ठोकू, फिल्टर फिरवू, रेष जाईल, नवा लावू. दहा मिनिटांचं काम. पछी मग सगळं पहिल्यासारखं.

जनार्दन : मितालीसमोर बसून मी काय सांगू तिला? रेष ओढायची सवय मला कोणी लावली माहीत आहे? तिच्याच बापानं. कारखान्यात एका टेबलावर काम करायचो आम्ही. म्हणायचा, जन्या, आपण घरी गेल्यावरही काम नीट आहे का ते रेष सांगते.

पीयूष : मला आत टाकतील बाबा.

जनार्दन : टाकतील. मी डबा घेऊन येईन. लक्ष्मीकांतकडे जायचो तसा रोज येईन, चुकवणार नाही. पण खोटं बोलणार नाही. एकदा बोललो ते न कळून. जमादाराला ते मी पहिलं सांगणार.

पीयूष : आणि आई?

जनार्दन : आईला तू सांगायचंस. ते ओझं मी उचलणार नाही. आता चिंधी दे. रेषेवर मेणचट मळ चढलाय, त्यांना ती स्वच्छ दिसली पाहिजे.

पीयूष : नाही दिली तर?

जनार्दन : तर सदऱ्यानं पुसेन. दांडी तुझ्या हातात आहे, मी काही घाईनं बाहेर येत नाही. तू काय करायचं ते ठरव.

नलिनी : अरे पीयूष, फाटकाशी मोटारसायकल थांबली बघ. जमादार आलेत वाटतं.

जनार्दन : पीयूष?

पीयूष : चिंधी कोरडी देऊ, का घासलेटात बुडवून?