सखू काय म्हणाली

नाय हो, ती नटी काय वाईट नव्हती — पंधरा दिवस इथं मिरकरवाड्यात ह्याच पडवीत बसायची, सखू चालायची कशी, पदर खोचायची कशी, सगळं माझ्याकडनं शिकली. सखू म्हणजे माझी धाकटी जाऊ — तुमच्या पिक्चरातली हडळ ती. हडळ त्यांनी केली, आम्ही नाय. आणि ती मायाळू मोठी जाऊ दाखवलीय ना, ऊर बडवून रडणारी? ती मी. हसू नका. लिहिणाऱ्याला मीच तसं सांगितलं — आपल्या तोंडानं आपली अब्रू कोण घालवील?

तुम्ही पेपरवाले पुण्याहून त्या एका वाक्यासाठी आलात, ठाऊक आहे मला, सगळे त्यासाठीच येतात. पिक्चरात दारात उभी राहून ती म्हणते, 'येते हां, वयनी' — आणि मग दर अवसेला खरंच परत येते. बाजारात पोरं मला बघून तेच बोलून दाखवतात. आता बाहेर पडताना बाईमाणूस 'येते'च म्हणतं, त्यात भ्यायचं काय — पण सखू तसं म्हणालीच नव्हती. नाय, हे लिहू नका. चार दिवस अबोला होता आमच्यात, कशावरनं, तर पाण्याच्या हंड्यावरनं. मी कोलंबी सोलत होते, ती उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, 'जाते, वयनी.' जाते. ऐकलं मी, कान फुटले नव्हते माझे. शेजारणीनंसुद्धा म्हटलं असतं, अगो, येते म्हण — मी मान वर नाय केली. धक्क्यावर चपला सापडल्या तिच्या, बाकी काय नाय.

तिची नम्रता तेव्हा सहा वर्षांची. 'काकी, आई काय म्हणाली?' — काय सांगणार होते मी? 'येते' म्हणाली, म्हटलं. पोरीला झोप तरी लागेल. पुढं पिक्चरवाले आले, त्यांनाही तेच — एका घरात दोन गोष्टी कशा चालतील? आता बत्तीसची झाली ती. राजापूरचं चांगलं स्थळ परत पाठवलं, का, तर आई आली आणि दाराला कुलूप दिसलं तर? रोज जेवताना मला वाटतं आज सांगून टाकू, आणि घास गिळून उठते — पाप आहे हो माझं, दुसऱ्या कुणाचं नाय — घ्या, चहा घ्या, नम्रता मघाशीच करायला आत गेली होती, कधीचा झाला असेल —

नम्रता. तू कधी आलीस गो? कप ठेव खाली, बाय. हात भाजेल, ठेव खाली.

उठा हो तुम्ही. उठा आता.